प्लेटिंगच्या सांडपाण्यासाठी कायटोसान-सिलिका मणी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यांतून निघणारे धुणीचे पाणी दिसायला नितळ असले, तरी निकेल, तांबे, क्रोमियम त्यात विरघळलेले असतात. म्हणून वाळूच्या गाळणीत ते अडकत नाहीत. हे धातू धरून ठेवण्यासाठी आम्ही पॉलिमर आणि सिलिका यांचे नॅनोसंमिश्र मण्यांच्या रूपात तयार करतो.

इथेनॉल, पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हे सिलिका देणारे रसायन सोडले की ते पारदर्शक द्रव थोड्याच वेळात निळसर आणि मग दुधासारखे पांढरे होते. सिलिकाचे नॅनोकण तयार झाल्याची ती खूण. ही पद्धत स्टोबर, फिंक आणि बोन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. हे कण धुऊन आम्ही कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या पॉलिमरच्या, सौम्य आम्लातील द्रावणात मिसळतो आणि त्याचे थेंब कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात (कॉस्टिकमध्ये) पाडून मणी घडवतो. नुसते कायटोसान फुगते आणि मऊ पडते, तर नुसती नॅनोपावडर कॉलम, म्हणजे पाणी ज्यातून सोडतात ती भरलेली उभी नळी, तुंबवते. दोन्ही एकत्र आल्यावर मण्याला ताठपणा येतो. शेवटी ग्लुटाराल्डिहाइडने पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडतो. हे जोडकाम कमी झाले तर मणी आम्लात विरघळतात, जास्त झाले तर धातू पकडणारे अमाइन गटच त्यात खर्ची पडतात. म्हणून आमचे सर्वाधिक लक्ष याच टप्प्यावर असते.

वापरताना पाण्याचा सामू (pH) सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. तांबे आणि निकेल सामू ५ ते ६ च्या आसपास चांगले धरले जातात. षट्संयुजी क्रोमियम मात्र ऋणभारित असल्यामुळे आम्लधर्मी पाण्यात, साधारण ३ ते ४ सामूला, पकडले जाते. त्यामुळे क्रोमची आणि निकेलची धुणी एकाच टाकीत सोडू नये, असा आमचा आग्रह आहे. सायनाइडच्या बाथमधील (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतील) तांबे सायनाइडशी घट्ट बांधलेले असते, म्हणून सायनाइड आधी नष्ट केल्याशिवाय हे मणी वापरू नयेत.

हे मणी ईटीपीची, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची, जागा घेत नाहीत. धातूंचा मोठा वाटा ईटीपीत साका करून (न विरघळणारा गाळ बनवून) काढावा आणि उरलेल्या अंशासाठी कॉलम ठेवावा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, त्यामुळे हा उरलेला अंशही निर्णायक ठरतो.

तांबे धरणारे मणी वरून खाली निळे होत जातात. निळा पट्टा तळाशी पोहोचण्याआधीच पाणी थांबवावे. तांबे-निकेलसाठी वापरलेले मणी सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतात. क्रोमसाठी सौम्य कॉस्टिक लागते, पण कॉस्टिकमध्ये सिलिका झिजत असल्याने ते कॉलममध्ये रात्रभर ठेवू नये. या धुण्याच्या द्रवात धातू साठलेले असतात, म्हणून तो गटारात न सोडता ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत घ्यावा. निकामी झालेले मणी घातक कचरा म्हणून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावेत.

मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्येक धुणीचा वेगळा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत पाठवावा आणि बाटलीवर बाथचे नाव, सामू व तारीख लिहावी.