गुलबक्षीची पांढरी फांदी

वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतला फरक शाळेत तक्त्यातून शिकवतात. पेशीभित्तिका, मोठी रिक्तिका, लवकं. एका रकान्यात ‘आहे’, दुसऱ्यात ‘नाही’. भित्तिका सगळ्यांत आधी दिसली. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत्या. रिक्तिका पेशीरसानं भरलेली असली की पेशी ताठ राहते; ती ओसरली की मेथीची जुडी मान टाकते. खरी गोष्ट आहे ती लवकांची, त्यातही हरितलवकांची.

पानाचा हिरवा रंग पेशीभर पसरलेला नसतो, तो कणांत, म्हणजेच हरितलवकांत असतो, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हुगो फॉन मोल यांनी १८३७ मध्ये व्यवस्थित मांडलं. हे कण करतात काय, ते युलियस झाक्स यांनी १८६०च्या दशकात दाखवलं. त्यांच्या प्रयोगाची सोपी आवृत्ती आपण आठवी-नववीत केलेली असते. रोप आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवायचं, पानाचा थोडा भाग काळ्या कागदानं झाकून ते उन्हात ठेवायचं, मग ते पान पाण्यात उकळून गरम स्पिरिटमध्ये सोडायचं. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि पान फिकट, ठिसूळ होतं. त्यावर आयोडीन टाकलं की उन्हातला भाग निळा-काळा होतो, झाकलेला तसाच पिवळट राहतो. म्हणजे पिष्ट उजेडातच तयार झालं. झाक्स यांना ते हरितकणांच्या आत साठलेलं दिसलं होतं.

कण येतात कुठून, हा पुढचा प्रश्न. पेशी लवकं नव्यानं घडवत नाही, असलेल्या लवकाचेच दोन भाग होतात, असं आंद्रेआस शिंपर यांनी १८८३ मध्ये लिहिलं. त्याच लेखाच्या तळटीपेत त्यांनी सुचवलं, की हे खरं ठरलं तर लवक आणि पेशी यांचं नातं सहजीवनासारखं म्हणावं लागेल. हिरव्या वनस्पती कदाचित दोन वेगळ्या जिवांच्या एकत्र येण्यातून झाल्या असतील. एवढी मोठी कल्पना आणि तिला जागा तळटीपेत!

ती तिथून उचलून मुख्य मजकुरात आणली कॉन्स्टान्टिन मेरेझकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं, १९०५ मध्ये. हा माणूस शैवाकांचा अभ्यासक. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. असे संसार रोज भिंगाखाली पाहणाऱ्याला पेशीच्या आतही तसंच काही दिसावं, यात नवल नाही. हरितलवकं म्हणजे पेशीत शिरून कायमची राहिलेली निळी-हिरवी शैवालं, असं त्यानं ठासून सांगितलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

खरं तर एक पुरावा चार वर्षांतच समोर आला होता, आणि तोही गुलबक्षीत. कार्ल कोरेन्स यांच्याकडच्या गुलबक्षीच्या एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या आणि चट्टेरी फांद्या होत्या. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं, की पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला हिरव्या फांदीचे परागकण दिले तरी रोपं पांढरीच येतात आणि अन्न करता येत नसल्यानं लवकरच मरतात. उलट हिरव्या फांदीच्या फुलाला कुठलेही परागकण द्या, रोपं हिरवीच. पानाचा रंग फक्त आईकडून. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी जिरेनियमवरच्या कामातून यामागे लवकंच असल्याचं सुचवलं. केंद्रकातला वारसा आई-बाप दोघांकडून येतो; म्हणजे केंद्रकाबाहेर आनुवंशिकतेचा स्वतंत्र कारभार चालू होता.

त्या कारभाराची वही १९६२ मध्ये सापडली. हान्स रिस आणि वॉल्टर प्लॉट यांना क्लॅमिडोमोनास या शैवालाच्या हरितलवकात डीएनए दिसला. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी सहजीवनाची कल्पना नव्यानं मांडली. १९७५ मध्ये लिंडा बोनेन आणि फोर्ड डूलिटल यांनी लाल शैवालाच्या लवकातला रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए तपासला; त्याचं गणगोत जीवाणूंमध्ये निघालं, आणि निळी-हिरवी शैवालं हीही खरं तर जीवाणूच. वाद जवळपास तिथेच मिटला.

१९८६ मध्ये जपानमध्ये तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण डीएनए वाचला गेला: सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरं. स्वतंत्र राहणाऱ्या निळ्या-हिरव्या शैवालांकडे लाखोंनी अक्षरं असतात. बाकीची जनुकं कालौघात काही हरवली, काही केंद्रकात गेली. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकरच (एन्झाइम) पाहा: त्याच्या मोठ्या घटकाचं जनुक हरितलवकात, लहान घटकाचं केंद्रकात. दोन्ही घटक लवकात एकत्र आल्याशिवाय विकर पुरं होत नाही.

तक्त्यातल्या ‘आहे-नाही’लाही १९९०च्या दशकात धक्का बसला. हिवतापाच्या परजीवीत, म्हणजे माणसाच्या रक्तात वाढणाऱ्या जिवात, लवकाचा अवशेष सापडला. त्यात हरितद्रव्य नाही, प्रकाशसंश्लेषण नाही, पण स्वतःचा डीएनए आहे आणि रायबोसोम जीवाणूंच्या धाटणीचे. म्हणूनच जीवाणूंवरचं डॉक्सिसायक्लिन हिवतापावरही चालतं: ते या अवशेषाचं काम बंद पाडतं.