मिठाच्या मॉडेलवर आयनांमधलं अंतर कसं मोजाल?

मीठ अर्थात सोडिअम क्लोराइडचं आमचं मॉडेल घेतल्याबद्दल मनापासून आभार. कपाटात ठेवण्याआधी त्याला एकदा पट्टी लावा. आम्ही ते मापात बनवतो ते त्यासाठीच. मॉडेलवरचा १ सेंमी म्हणजे खऱ्या स्फटिकातले ५० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग).

मोठे हिरवे गोळे क्लोराइडचे, लहान जांभळे सोडिअमचे. अंतर नेहमी केंद्रापासून केंद्रापर्यंत धरायचं. आता गोळ्याचं केंद्र काही दिसत नाही. म्हणून एकाच कडेच्या दोन टोकांचे हिरवे गोळे घ्या आणि पहिल्याच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत मोजा. दोन्ही गोळे सारखे असल्यामुळे केंद्रांमधलंच अंतर मिळतं. ते ११.२८ सेंमी भरेल. त्याला ५० ने गुणलं की ५६४ पिकोमीटर, ही युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाची, कड. सोडिअम कडेच्या बरोबर मधोमध बसतो, म्हणून सोडिअम ते क्लोराइड २८२.

दोन क्लोराइडमधलं सर्वांत कमी अंतर विचारलं की मुलं हमखास ५६४ लिहितात. मॉडेल हातात घेऊन एका पृष्ठाच्या मध्यावरचा हिरवा गोळा दाखवा. कोपऱ्यातल्या क्लोराइडचा जवळचा शेजारी तो आहे. हे अंतर पृष्ठकर्णाच्या निम्मं, म्हणजे कड भागिले √२: ३९९ पिकोमीटर. पट्टीवर ७.९८ सेंमी. आमच्या मते सूत्र पाठ करून घेण्याआधी ही रेघ बोटाने गिरवून घ्यावी. √२ आणि √३ कुठून येतात ते पायथागोरसवरून मुलं स्वतःच काढतात.

सिझिअम क्लोराइडचं मॉडेलही घेतलं असेल तर प्रमाण तेच. कड ४१२ पिकोमीटर, कोपऱ्यांत क्लोराइड, मध्यभागी सिझिअम. जवळचे विरुद्ध आयन घनकर्णावर भेटतात, म्हणून कड गुणिले √३ भागिले २, म्हणजे ३५७. या रचनेला ‘बीसीसी’ (कोपऱ्यांत आणि मध्यभागी एकाच प्रकारचे कण असलेली घनरचना) मात्र म्हणू नका: मधला आयन कोपऱ्यातल्यापेक्षा वेगळा आहे.

५६४ हा आकडा वर्गात घनतेवरूनही काढता येतो, आणि तो तास फार रंगतो. मिठाची घनता २.१६५ ग्रॅम प्रति घनसेंमी, मोलर वस्तुमान ५८.४४ ग्रॅम, एका युनिट सेलमध्ये ४ सोडिअम आणि ४ क्लोराइड. ५८.४४ ची चौपट करा, तिला घनता आणि ॲव्होगॅड्रो अंक (एका मोलमधल्या कणांची संख्या) यांच्या गुणाकाराने भागा, घनमूळ घ्या. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. पिकोमीटरमध्ये बदललं की पट्टीवर मोजलेलीच कड समोर येते.

वापरून वापरून सळ्या सैल होतात. २ मिमीचा फरक पडला तरी उत्तर १० पिकोमीटरने चुकतं. तसं झालं तर मॉडेल आमच्याकडे पाठवा, सळ्या बदलून देऊ.