लिंडाऊचं स्टेशन बेटावर का आणि झुरिकची गाडी बाहेरून का: मागची गोष्ट

म्युनिक-झुरिक गाडी डिसेंबर २०२० पासून लिंडाऊच्या बेटावर (जर्मनीच्या दक्षिणेला बोडनझे तलावातलं गाव) येत नाही, किनाऱ्यावरच्या रॉयटिन स्टेशनला थांबून पुढे जाते. हा नुसता टाइमटेबलचा बदल वाटतो, पण त्याच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बघितला की कळतं की लिंडाऊचं काय व्हायचं हे नेहमी लिंडाऊजवळून दुसरीकडे जाणाऱ्या वाटेने ठरवलंय.

बेट पाऊण चौरस किलोमीटरसुद्धा नाही. बंदरावर उभं राहिलं की समोर स्विस डोंगर, डाव्या हाताला ऑस्ट्रियाचं ब्रेगेन्झ, आणि आपण मात्र जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात. बोडनझेचा एवढासाच किनारा बव्हेरियाच्या वाट्याला आलाय, तोही तसा नशिबानेच. १२७५ पासून लिंडाऊ स्वतंत्र शहर होतं, थेट सम्राटाच्या हाताखाली, मध्ये कोणी सरदार नाही. नेपोलियनच्या धामधुमीत ते गेलं. १८०३ च्या सुमाराला ऱ्हाइनपलीकडची जहागीर गमावलेल्या एका राजपुत्राला भरपाई म्हणून दिलं, १८०४ मध्ये ऑस्ट्रियाकडे गेलं, १८०५ च्या तहात बव्हेरियाकडे. तीन वर्षांत तीन मालक, आणि गावाला कोणी विचारलं नाही. शेजारचा फोरार्लबर्ग प्रांतही तेव्हाच बव्हेरियाला मिळाला होता, तो १८१४ मध्ये परत ऑस्ट्रियाला गेला आणि लिंडाऊ तेवढं मागे राहिलं.

मग बव्हेरियाने तिथे रेल्वे आणली. उत्तरेच्या टोकापासून तलावापर्यंत सगळी लाइन आपल्याच हद्दीतून हवी होती, म्हणून पाण्यात भराव घालून १८५४ मध्ये गाडी थेट बेटावर नेली. स्टेशन बंदराला चिकटून बांधलं कारण गाडीचं खरं काम बोटीशी होतं, माल आणि माणसं इथे उतरून पलीकडे स्वित्झर्लंडला जायची. पोस्टकार्डांवर दिसतो तो सहा मीटरचा दगडी सिंह आणि गावाकडे तोंड करून घड्याळ लावलेला ३३ मीटरचा दीपस्तंभ, दोन्ही त्याच बंदराच्या कामातले, १८५६ चे. पण १८७२ मध्ये ब्रेगेन्झकडची लाइन झाली, ती फुटते किनाऱ्यावरून, आणि तिथेच घोळ सुरू झाला. बेटावर आलेल्या गाडीला पुढे वाटच नाही, उलटं फिरूनच जायचं.

१९४५ नंतरची दहा वर्षं तर अजूनच गुंतागुंतीची, आणि मला वाटतं त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. युद्ध जिंकलेल्या देशांनी जर्मनी आणि ऑस्ट्रिया ताब्याच्या झोनमध्ये वाटून घेतले होते. बव्हेरिया अमेरिकन झोनमध्ये, पण लिंडाऊचा जिल्हा मात्र फ्रेंचांनी स्वतःकडे ठेवला, कारण जर्मनीतला त्यांचा भाग आणि ऑस्ट्रियातला त्यांचा भाग जोडणारी वाट इथूनच जात होती. म्हणजे कागदोपत्री बव्हेरिया आणि कारभार वेगळा, जिल्ह्याला स्वतःचा अध्यक्ष, जवळजवळ छोटं राज्यच. या मधल्या काळातच १९५० मध्ये कॅसिनो आला, आणि १९५१ मध्ये दोन स्थानिक डॉक्टरांच्या पुढाकाराने नोबेल विजेत्यांची पहिली बैठक भरली, जिला आज दरवर्षी भारतातूनही तरुण संशोधक जातात. १९५५ मध्ये ऑस्ट्रियातला ताबा संपत आला, त्या वाटेची गरज उरली नाही, आणि सप्टेंबरमध्ये जिल्हा बव्हेरियाला परत मिळाला.

आता स्टेशन. २०२० पर्यंत झुरिकची गाडी बेटावर यायची, म्युनिककडून आणणारं डिझेल इंजिन इथे सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला स्विस इलेक्ट्रिक इंजिन लागायचं. इंजिन बदलायचंच आहे तर गाडी उलटी फिरण्याचं वेगळं काही वाटायचं नाही, लोक प्लॅटफॉर्मवर उतरून पाय मोकळे करायचे, आणि तिथून बंदर दोन पावलांवर. पण मेमिंगेनमार्गे लाइनवर वीज आणायचं ठरलं, स्वित्झर्लंडने त्यासाठी आगाऊ पैसेही दिले, आणि मग इंजिन बदलायचं कारणच राहिलं नाही. रेल्वे कंपनीला तर आधीपासूनच बेटावरचं स्टेशन बंद करून सगळं रॉयटिनला हलवायचं होतं. हिशोब त्यांचा बरोबर होता, लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो. गावातले लोक म्हणत होते की बेटावरचे दुकानदार, हॉटेलं, रोज येणारे-जाणारे यांचं काय, आणि रेल्वे गेली की लोक मोटारी घेऊन येणार आणि एका पुलावर सगळी गर्दी होणार. वर्षानुवर्षं भांडण चाललं, मतदानापर्यंत गेलं, गावात दोन तट पडले.

शेवटी मधला मार्ग निघाला: लांबच्या गाड्या रॉयटिनला, आजूबाजूच्या गाड्या बेटावर. जुन्या मुख्य स्टेशनच्या नावातून 'मुख्य' गेलं, आता ते लिंडाऊ-इन्सेल, इन्सेल म्हणजे बेट. काहींना यात गावाचा अपमान वाटतो. मला विचाराल तर स्टेशन वाचलं हीच मोठी गोष्ट, कारण पूर्ण बंद झालं असतं तर त्या जागेवर बिल्डिंगा उभ्या राहायला वेळ लागला नसता आणि रूळ परत कोणी टाकले नसते. बेटाच्या मागच्या भागात जिथे मोठमोठे पार्किंग होते तिथे २०२१ मध्ये राज्याचं बागप्रदर्शन भरलं आणि नंतर ते पार्क लोकांसाठी राहिलं, आणि तिथे जायला आजही लोकल गाडीने थेट बेटावर उतरता येतं.