मूलभूत हालचाल कौशल्ये

धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, फेकणे, झेलणे, एका पायावर तोल सांभाळणे अशा, पुढे बहुतेक खेळांत लागणाऱ्या शारीरिक क्रियांना ही संज्ञा लावतात. चलनकौशल्ये (उदा., धावणे), वस्तुनियंत्रण कौशल्ये (उदा., झेलणे) व स्थैर्यकौशल्ये (उदा., तोल सांभाळणे) असे त्यांचे तीन गट रूढ आहेत. ही विभागणी अध्यापनाला सोयीची असली, तरी काटेकोर नव्हे : लंगडीतून तोल वगळला, तर चलन उरतच नाही. त्यामुळे स्थैर्याला इतर दोन गटांची पूर्वअट मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पोहणे, सायकल चालवणे ही कौशल्येही यात धरावीत आणि संज्ञा ‘पायाभूत’ अशी करावी, असा प्रस्ताव २०१८ मध्ये पुढे आला. तो अद्याप सर्वमान्य नाही.

ही कौशल्ये वयाबरोबर आपोआप येतात की शिकवावी लागतात, हा वाद जुना आहे. मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड गेझेल यांनी परिपक्वनावर, म्हणजे वयाबरोबर आपोआप होणाऱ्या वाढीवर, भर दिला. मर्टल मॅक्ग्रॉ यांनी जॉनी व जिमी या जुळ्यांपैकी जॉनीला बाल्यापासूनच सराव दिला (निष्कर्ष १९३५). चालण्यासारख्या क्रियांत त्याचा फारसा लाभ दिसला नाही. चाकांच्या बुटांवरून घसरण्यासारख्या क्रियांत मात्र स्पष्ट दिसला. शालेय वयातील कौशल्यांबाबत आज सरावाचा लाभ होतो, या दुसऱ्या निष्कर्षाकडे कल आहे. नुसत्या मोकळ्या खेळापेक्षा हेतुपूर्वक शिकवण्याने मुलांची प्रगती अधिक होते, असे बहुतेक प्रयोगांत आढळते.

सर्वांत बारकाईने अभ्यासली गेलेली क्रिया म्हणजे खांद्यावरून फेक. मोनिका वाइल्ड यांनी १९३८ मध्ये तिच्या चार अवस्था वर्णिल्या. साधारण दोन-तीन वर्षांचे मूल पाय जागच्या जागी रोवून उभे राहते. धड वळत नाही आणि चेंडू बव्हंशी कोपर सरळ होण्याच्या जोरावर सुटतो. पुढे धड वळू लागते, पण पाऊल हलत नाही. तिसऱ्या अवस्थेत पाऊल पडते, मात्र फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचे : उजव्या हाताने फेकणारे मूल उजवा पाय पुढे टाकते. चौथ्या अवस्थेत विरुद्ध बाजूचा पाय पुढे येतो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाला ही एवढी खूणही पुष्कळ काही सांगून जाते.

संपूर्ण शरीर एकदमच एका अवस्थेतून दुसरीत जाते, हे गृहीतक मेरी ॲन रॉबर्टन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमान्य केले. पाऊल, धड, दंड व अग्रबाहू यांचा विकास वेगवेगळ्या गतीने होतो. म्हणून एकाच मुलाचे पाऊल प्रौढ आणि धड बालिश असू शकते. उपलब्ध चित्रीकरणे या मताला अधिक अनुकूल आहेत. तरीही शाळांत जुन्या अवस्थाच वापरात राहिल्या, कारण घटकवार नोंदीसाठी संथगती चित्रण लागते आणि एका तासिकेत वर्गभर मुलांचे तसे चित्रण अवघडच.

मूल्यमापनाच्या दोन रीती आहेत. डेल उलरिक यांची १९८५ ची चाचणी हालचालीचे स्वरूप पाहते : ठरावीक लक्षण दिसले तर एक गुण, नाही तर शून्य. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत सहा चलनकौशल्ये व चेंडूची सात कौशल्ये आहेत. आधीची झेप वगळून तिच्या जागी एकेका पायावर आलटून-पालटून पाऊल व छोटी उडी घेत पुढे जाणे घेतले आहे. तोलाची स्वतंत्र चाचणी नाही, ही तिची उणीवच म्हणावी लागेल. याउलट किपहार्ड व शिलिंग यांची १९७४ ची जर्मन चाचणी निष्पत्ती मोजते, उदा., अरुंद फळ्यांवरून मागे चालताना पडलेली पावले. त्यामुळे दोहोंची गुणांकने सरळ ताडून पाहू नयेत.

पुरेशी कौशल्ये न आल्यास पुढील खेळ शिकताना अडसर येतो, ही व्हर्न सीफेल्ट यांची १९८० ची कल्पना बरीच गाजली. प्रत्यक्ष पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. कौशल्य व शारीरिक सक्रियता परस्परांना बळ देतात आणि हे नाते वयाबरोबर दृढ होते, अशी मांडणी डेव्हिड स्टॉडन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केली.

अध्यापनात कार्ल न्यूएल यांची १९८६ ची चौकट उपयोगी पडते : हालचाल ही व्यक्ती, परिसर व कार्य यांच्या मर्यादांतून घडते. म्हणून मुलाला सूचना देत बसण्यापेक्षा चेंडूचा आकार, अंतर किंवा लक्ष्य बदलणे पुष्कळदा पुरते. नेम धरायला सांगितल्यास मूल आखडते; जोरात फेकायला सांगितल्यास पाऊल बहुधा आपसूक पडते. किशोरवयासाठी मूल्यमापनाची साधने थोडी आहेत. उलरिक यांची चाचणी अकराव्या वाढदिवसाच्या आतच थांबते.