पाणलोटाचा आराखडा गावाच्या हाती कसा आला

मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आज पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी एका ओढ्याला येऊन मिळतं त्या सगळ्या क्षेत्राचा, आराखडा करायला जी माणसं बसतात, त्यांच्यापैकी कुणीच सरकारी नोकरीत नसतं. दहावी-बारावी झालेली पोरं, बचत गटातल्या बाया, एखादा निवृत्त शिक्षक आणि कुठल्या ओढ्याला कधी पूर आला होता हे तोंडपाठ असणारे दोन-तीन म्हातारे. कुणी स्वतःला जलदूत म्हणतं, कुणी जलमित्र. गावाचा नकाशा पसरून माळ कुठला, वाहून जाणारं पाणी कुठलं, कोणाच्या शेतातून चर जाणार, यावर ही मंडळी रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. हा वाद गावात होऊ लागला, यामागे पन्नास वर्षांची घडामोड आहे.

आधी जमिनीबद्दल. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग कठीण पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो पडतो मोजक्या दिवसांत आणि मध्ये मोठे खंड देऊन. बालाघाटच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांवरून उतरणारं पाणी अडलं नाही, तर ते सिंदफणा, मांजरा, दुधना, पूर्णा अशा नद्यांतून थेट गोदावरीकडे निघून जातं. त्यामुळे ‘माथा ते पायथा’ हे सूत्र इथं जमिनीच्या रचनेतूनच आलं आहे. वरचं पाणी वर थोपवलं नाही, तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो.

जुन्या लोकांना हे कळत होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी आणि गावोगावच्या बारवा त्याची साक्ष देतात.

आजच्या पाणलोट कामाची सुरुवात मात्र १९७२च्या दुष्काळात झाली. त्या वर्षी मराठवाड्यातली लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती. त्या पिढीतल्या माणसांना कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव अजून आठवते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क ग्रामीण महाराष्ट्राला या कायद्यानं दिला, आणि त्याचं मोल कधीच कमी लेखू नये. पण कामं आखली जात ती मजूर कुठं जास्त आहेत, त्यावरून. पाझर तलावाची जागा ओव्हरसियर ठरवी, हजेरी मुकादम घेई, आणि ज्याच्या शेताशेजारी तलाव होई त्याला सहसा आधी विचारलं जात नसे. वरच्या माळावर काही न करता खाली बांधलेले असे तलाव आजही अनेक गावांत गाळानं भरलेले दिसतात.

सुटे बांध आणि सुटे तलाव यांनी भागत नाही, हे शासनानंही मान्य केलं. १९८३ मध्ये राज्यात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला. ओढ्याचं पाणलोट हे एकक धरून मृदसंधारण, वनीकरण आणि पाणी अडवणं एकत्र करायचं, ही त्यातली दृष्टी होती. मराठवाड्यात ती जमिनीवर आणण्यात विजयअण्णा बोराडे आणि त्यांची संस्था मराठवाडा शेती सहाय्य मंडळ यांचा वाटा मोठा आहे. औरंगाबाद जिल्ह्यातल्या आडगावात ऐंशीच्या दशकात त्यांनी केलेलं काम पाहायला दुरून माणसं येत. अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली, तिनंही पाणी आणि शेती हेच प्रश्न हाती घेतले. सरकारी खातं आणि गाव यांच्यामध्ये दोन्हीकडची भाषा कळणारं कुणीतरी असावं लागतं. ती जागा या संस्थांनी भरून काढली.

माझ्या मते खरं वळण आलं ते इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमानं. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकारातून, जर्मन सरकारच्या मदतीनं आणि नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या सहभागानं हा कार्यक्रम महाराष्ट्रात उभा राहिला. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवायची, मगच निधी. आराखडा करताना तंत्रज्ञानं शेतकरी कुटुंबाबरोबर प्रत्यक्ष त्याच्या वावरात जायचं, गट नंबरनिहाय उतार, मातीची खोली, चालू पीक पाहायचं आणि काय करायचं ते बांधावर उभं राहून ठरवायचं. नवऱ्याबरोबर बायकोनंही हजर राहावं, असा आग्रह असे. याला ‘नेट प्लॅनिंग’ म्हणत. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ पासून बोराडे यांची संस्था आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांनी हे काम केलं. अवर्षणप्रवण गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कडवंचीत पुढं द्राक्षबागा आणि शेकडो शेततळी उभी राहिली.

केंद्र सरकारनंही हाच धडा घेतला. दुष्काळी भागांच्या कार्यक्रमांचा आढावा घेणाऱ्या हनुमंत राव समितीनं १९९४ मध्ये अहवाल दिला आणि १९९५च्या मार्गदर्शक सूचनांनी गावाची पाणलोट समिती अधिकृत केली. नंतर २००३च्या ‘हरियाली’ सूचना आल्या, २००८च्या सामाईक सूचना आल्या. समितीचे अधिकार कधी वाढले, कधी कमी झाले, पण गावाला न विचारता आराखडा करायचा, हे निदान कागदावर तरी थांबलं.

मग २०१२चा दुष्काळ आला आणि २०१४, २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं कोरडी गेली. मांजरा धरण आटलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेलं पाणी पाहणाऱ्या पिढीला पाणलोट हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. राज्याचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्येच सुरू झालं होतं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यांतला एक अंबाजोगाई. गावातल्या माणसांना आधी प्रशिक्षण, मग उन्हाळ्यात श्रमदान.

या प्रशिक्षणानं एक गोष्ट घडवली, ती मला फार मोलाची वाटते. समपातळी रेषा काढायला पारदर्शक नळी आणि खुणा केलेल्या दोन काठ्या पुरतात. नळीत पाणी भरायचं, एक काठी जागेवर धरायची, दुसरी घेऊन पुढं सरकायचं. दोन्हीकडे पाण्याची पातळी एका खुणेवर आली की तिथं फक्की टाकायची. अशा फक्कीच्या ठिपक्यांवरून साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल सलग समतल चर निघतो. जे काम कालपर्यंत साहेबांच्या मोजणीच्या दुर्बिणीशिवाय होत नव्हतं, ते शाळा सोडलेली सून माळावर उभी राहून करू लागली. आराखडा गावाच्या हाती आला, तो खऱ्या अर्थानं तेव्हा.

याच वर्षांत पोकलेन आणि जेसीबीनंही शिवारं व्यापली. नाला खोल-रुंद केला की पहिल्याच पावसात पाणी दिसतं, फोटो निघतो, म्हणून माथ्यावरची कामं मागं पडली आणि पायथ्याची पुढं गेली. कठीण पाषाणापर्यंत खोदलेल्या नाल्यात शेजारच्या विहिरींचं पाणी उतरतं, हा इशारा भूजलाचे जाणकार देत होते. तो पुरेसा ऐकला गेला नाही, याचं वाईट वाटतं.

आणखी मोठी उणीव हिशेबाची आहे. पन्नास वर्षांतले बहुतेक आराखडे पाणी अडवण्याचे होते. ते वापरायचं कसं, हे त्यांत नसे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ६०० कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्म्याहून जास्त बाष्प होऊन जातं. दोन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरलं, तरी वर्षाला चार कोटी लिटर पुरतात. आणि एका हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच कोटी लिटर लागतात. दोन हेक्टर ऊस आणि सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी जवळपास सारखं! हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की सभा गप्प होते. प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्यानं भरून घेणं हाही याच हिशेबातला प्रश्न आहे. त्यातून जमिनीतलं पाणी उन्हात येतं आणि उडून जातं.

म्हणून पाण्याचा ताळेबंद आता आराखड्यात आला आहे. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या निवडक गावांत तो सूक्ष्म नियोजनाचा भाग केला. केंद्राच्या अटल भूजल योजनेत जालना, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे आले, आणि तिथंही गावानंच जलसुरक्षा आराखडा करायचा होता. पावसाळा सरला की स्वयंसेवक निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, पर्जन्यमापकाची नोंद काढतात, किती टीसीएम (हजार घनमीटर) पाणी हाती आहे ते मांडतात आणि रब्बीत गहू किती, हरभरा किती, हे ग्रामसभेपुढं ठेवतात.

ऐकायचं की नाही, हे मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या मर्जीवर राहतं. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ हा २०१४ पासून लागू आहे. साठ मीटर (सुमारे दोनशे फूट) किंवा त्याहून खोल विहिरीला त्यानं खोल विहीर म्हटलं आहे, पाणलोटनिहाय समित्यांची आणि भूजल वापराशी जोडलेल्या पीक नियोजनाची तरतूदही केली आहे. तरी सातशे-आठशे फुटांचे बोअर आजही सर्रास पडतात आणि हरभऱ्याचा ठराव करणाऱ्या गावाच्या शिवारात ऊस उभा राहतो. तो रोखायला विनवणीखेरीज या पोरांच्या आणि बायांच्या हातात काही नाही. कायद्यातल्या त्या समित्या प्रत्यक्षात उभ्या करून गावाच्या ताळेबंदाला त्यांचा आधार द्यावा, ही मागणी आता या स्वयंसेवकांनीच तालुक्यात आणि जिल्ह्यात लावून धरायला हवी.