अनुपान (बेळगाव सीमाभाग)

आयुर्वेदात औषधासोबत किंवा औषधावर जे घेतले जाते ते अनुपान. कोमट पाणी, दूध, ताक, तूप आणि मध ही नेहमीची अनुपाने. शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथात त्याला सुंदर उपमा दिली आहे: पाण्यात पडलेले तेल जसे क्षणात पसरते, तसे अनुपानाने औषध अंगात पसरते. चूर्ण किंवा गोळीने पोट बिघडले, की जाणता वैद्य औषधाला दोष देण्याआधी मात्रा, वेळ आणि अनुपान विचारतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हे ज्ञान अजून चुलीपाशी आहे. गुबारा धरला की ओवा-सैंधव, मळमळले की आल्याचा रस, जुलाब लागले की जिरेपूड घातलेले पातळ ताक. अडचण येते ती विकतच्या डब्याची. त्यावरची सूचना अनेकदा इंग्रजीत किंवा कन्नडात असते. फक्त मराठी वाचणारी आजी मग शेजारणीने सांगितले तेवढे घेते. अश्वगंधाचा शीग लावलेला चमचा थंड पाण्यात ढवळला, की वर गुठळ्या तरंगतात. तसाच तो उपाशीपोटी गिळला, की तासाभरात पोटात ढवळायला लागते. तेच चूर्ण कमी मात्रेत, कोमट दुधातून, जेवणानंतर घेतले तर बहुतेकांना सोसते. दूधच पचत नसेल त्याने मात्र कोमट पाणी घ्यावे.

गुग्गुळाने मळमळ आणि पातळ शौच होणे नवे नाही. त्रिफळ्याने वारंवार जावे लागत असेल, तर मात्रा उतरवणे हाच सरळ उपाय. सोनामुखी या रेचक पाल्याने पोटात मुरडा येतो, हे जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पंचसकार चूर्णात सोनामुखी आणि हिरड्याबरोबर सुंठ, सैंधव आणि बडीशेप आहेत. मुरड्यावरचा उतारा त्या मिश्रणातच घालून ठेवलेला आहे. मध कढत पाण्यात घालू नये, हा दंडकही आयुर्वेदातलाच.

‘पोट बिघडले म्हणजे औषध लागू पडतेय’ हा समज घातक आहे. त्रासावर आणखी एक चूर्ण चढवणे त्याहून वाईट. आधी औषध थांबवावे. बेळगावातल्याच शहापूरला १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे निदान बेळगाव शहरात तरी वैद्य गाठणे अवघड नाही.

काही त्रास अनुपानाने सुटत नाहीत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे ही यकृताला इजा झाल्याची खूण असू शकते. अश्वगंधा आणि हळदीच्या तयार गोळ्यांनी अशी इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भेसळीच्या किंवा नीट न केलेल्या भस्मातले (धातू जाळून केलेल्या औषधातले) शिसेही पोटात तीव्र कळा आणते. शौचातून रक्त जाणे, उलट्या न थांबणे, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, अशा वेळी ताक-जिऱ्यावर न राहता डॉक्टरांकडे जावे. सोबत डबा न्यावा आणि कोणते चूर्ण, किती, किती दिवस घेतले ते न लपवता सांगावे.