सत्तर किलोंचा 'मिडलवेट': किड यामामोटोच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जपानी एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) जुन्या याद्या चाळताना नोरिफुमी 'किड' यामामोटोच्या नावापाशी नवा प्रेक्षक हमखास अडखळतो. 2005 चा मिडलवेट विजेता, आणि उंची 163 सेंटिमीटर? आज मिडलवेट म्हटलं की 84 किलोंचे धिप्पाड गडी डोळ्यांपुढे येतात. यादी बरोबर आहे. घोळ शब्दात आहे.

घराणं कुस्तीचं. वडील 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खेळलेले, दोन्ही बहिणी जगज्जेत्या. शाळेची काही वर्षं ॲरिझोनात गेली, तिथेही कुस्तीच. 2001 मध्ये तो व्यावसायिक एमएमएत आला तो 65 किलोंमध्ये. ज्या संघटनेत तो लढायचा तिथे या गटाला म्हणत 'लाइटवेट'.

मग 'मिडलवेट' आला किकबॉक्सिंगमधून. हेवीवेट लढतींवर मोठ्या झालेल्या एका आयोजकाने 2002 मध्ये 70 किलोंची वेगळी स्पर्धा काढली. शंभर-सव्वाशे किलोंच्या लढवय्यांपुढे सत्तर किलो म्हणजे 'मधला'च, त्यामुळे स्पर्धेच्या नावातच तो शब्द बसला. 2005 मध्ये त्याच मंडळींनी एमएमएचे कार्यक्रम सुरू केले तेव्हा वजन तेच उचललं आणि नावही तेच. गंमत अशी की त्या वेळी जपानमधल्याच प्रतिस्पर्धी संघटनेचा मिडलवेट 93 किलोंचा होता. एकाच देशात, एकाच शब्दात 23 किलोंचं अंतर!

या 70 किलोंच्या दुनियेतच यामामोटोचं नाव घरोघरी पोचलं. 31 डिसेंबर 2004 ला ओसाकात त्याची गाठ पडली 2003 च्या किकबॉक्सिंग विजेत्याशी, तीही किकबॉक्सिंगच्या नियमांत. पहिल्याच फेरीत डाव्या ठोशाने त्याने त्याला खाली बसवलं. सामना यामामोटो गुणांवर हरला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो ठोसा. पुढच्या वर्षाच्या शेवटच्या रात्री तो एमएमए स्पर्धेचा विजेता झाला. 3 मे 2006 ला तर घंटा वाजली, तो धावत गेला, गुडघा उडाला आणि समोरचा आडवा. चार सेकंदं.

आणि इथेच त्याने थांबायचं ठरवलं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी कुस्तीत परत जातो, असं त्याने जाहीर केलं. आयोजकांचा हुकमी चेहरा गेला, तेव्हा कुरकुर झालीच. कुस्तीवाल्यांनाही हा टीव्हीवरचा तारा मॅटवर टिकेल याची खात्री नव्हती. हा निर्णय लहरी होता असं आजही लिहिलं जातं. पण तारखा पाहा. 31 डिसेंबर 2006 ला त्याने एका ऑलिंपिक सुवर्णविजेत्या कुस्तीगिराला रिंगमध्ये नॉकआउट केलं आणि जानेवारी 2007 मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेत 60 किलो गटात उतरला. साठ! इतकी वर्षं दहा किलो वरच्या गटात लढणारा माणूस आपल्या मूळ वजनाला परतत होता, त्यात लहर कसली? अथेन्सच्या कांस्यविजेत्याने केलेल्या फेकीत त्याचं कोपर निखळलं आणि ऑलिंपिकचा विषय तिथेच संपला.

पुढचं सगळं उशिरा आलं. तो एमएमएत परतला, पण जपानमधल्या मोठ्या संघटनेत 63 किलोंचा गट सुरू झाला 2009 मध्ये, तोवर त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली होती. त्या गटातल्या पहिल्याच लढतीत तो पंचांच्या विभागलेल्या कौलाने हरला. सर्वांत मोठ्या अमेरिकन संघटनेत 61 किलोंचा गट, म्हणजे 'बँटमवेट', आला तो 2011 च्या सुरुवातीला. फेब्रुवारीत यामामोटो तिथे उभा राहिला तेव्हा त्याला तेहतीस सरत आलं होतं आणि समोर होता पुढे त्याहून हलक्या 'फ्लायवेट' गटावर राज्य करणारा लढवय्या. ती लढत गेली, पुढची गेली, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये साइतामात, घरच्या प्रेक्षकांपुढे, आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, सापडून तो तिसरीही हरला. 2015 ची शेवटची लढत डोळ्यात बोट गेल्यामुळे निकालाविना रद्द ठरली.

ऑगस्ट 2018 मध्ये त्याने आपल्याला कॅन्सर असल्याचं स्वतःच जाहीर केलं. 18 सप्टेंबरला तो गेला, वय 41. अमेरिकन नोंदींत त्याच्या नावापुढे आजही बँटमवेट लिहिलेलं असतं, जपानी नोंदींत मिडलवेट.